नील बेटावरचे कांदेपोहे

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीसाठी आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या एका हातात तिकिटं होती आणि दुसऱ्या हातात शहाळं, त्यामुळे माझी बॅग कुमुदने धरली होती. ती उन्हाने डोळे बारीक करून समुद्राकडे बघत होती आणि मी, इथे आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही या आनंदात, नळीने शहाळं पीत होतो. तेवढ्यात मागून हाक आली, "घोलप सर."

हाक कराडची होती. आपल्या गावची हाक माणसाला पाठीतून कळते. मी वळून पाहिलं, तर धक्क्याच्या पायऱ्या उतरून बावीस पिवळ्या टोप्या माझ्या दिशेने येत होत्या. सर्वांत पुढे बर्गे वकील आणि त्यांच्या पत्नी शालनवहिनी. आमच्या भागातली ही सगळी मंडळी एका सहल कंपनीबरोबर अंदमान बघायला आली होती आणि हरवू नये म्हणून कंपनीने प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पिवळी टोपी घातली होती.

वकिलांनी विचारलं, इथे कसे, एकटेच का, प्रकृती कशी आहे. मी कशाचं उत्तर द्यायचं ते ठरवत होतो, तोवर शालनवहिनींची नजर कुमुदवर गेली. तिच्या चेहऱ्यावरून ती तिच्या हातातल्या बॅगेवर उतरली. बॅगेवर माझं नाव मीच पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं. तिथून नजर माझ्यावर आली.

"ह्या कोण?" वहिनींनी विचारलं.

कुमुद माझी बायको होती. आमच्या लग्नाला अडतीस दिवस झाले होते.

"या खटावकर सिस्टर," मी म्हणालो. "सरकारी दवाखान्यात होत्या. इथंच भेट झाली आत्ता, रांगेत. योगायोग म्हणायचा."

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. तिने चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली होती, रोग्याने कितीही तमाशा केला तरी तिचा चेहरा हलत नसे. तिने माझी बॅग माझ्यापुढे धरली.

"ही तुमची बॅग, सर," ती म्हणाली. "मध्येच पडली होती. बेवारशी वाटली म्हणून उचलली."

मी बॅग घेतली आणि आभार मानले.

याला आता सोळा वर्षं झाली. त्या वेळी मी बासष्ट वर्षांचा होतो आणि कुमुद साठीला दोन कमी. माझी पत्नी जाऊन आठ वर्षं झाली होती, तिचे यजमान जाऊन बारा. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी ती वॉर्डची प्रमुख होती आणि चालायला लागा म्हणून तिने मला सगळ्यांसमोर दोनदा झापलं होतं. पुढे ती निवृत्त झाली, वाचनालयात वर्तमानपत्रातल्या एकाच शब्दकोड्यावर आम्ही दोघं टपून बसायला लागलो आणि त्यातून हे झालं. साताऱ्याला नोंदणी करून लग्न केलं. तिच्या मुलीला मनापासून आनंद झाला. माझा मुलगा म्हणाला, करा, पण गाजावाजा नको. मला ते वाक्य फार समंजस वाटलं.

कारण मी एकोणीस वर्षं मुलींच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. चारित्र्य या विषयावर मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात पन्नास मिनिटं बोलत असे. स्टँडवर एखादी मुलगी कुणा मुलाशी बोलताना दिसली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना माझ्यापुढे उभं केलेलं असे. अशा माणसाने साठीनंतर लग्न केलं हे गावाला कसं सांगायचं, हे मला कळत नव्हतं. 'योग्य वेळी सांगू' असं मी कुमुदला म्हणत होतो. तोपर्यंत ती तिच्या घरी राहत होती, मी माझ्या. आठवड्यातून तीनदा मी तिच्याकडे जेवायला जायचो, तेही हातात औषधाची पिशवी घेऊन, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की इंजेक्शन घ्यायला आलाय. अंदमानची कल्पना माझीच. आपण समुद्रापार जाऊ, म्हटलं, तिथे नवरा-बायको म्हणून राहू. ती म्हणाली होती की नवरा-बायको व्हायला एवढं लांब जावं लागतं हे तिला माहीत नव्हतं. पण ती आली.

बोटीत ती माझ्या शेजारच्या जागेवर बसली नाही. पिवळ्या टोप्यांतल्या बायकांनी तिला आपल्यात ओढून घेतलं. एकटी बाई परमुलखात फिरते म्हणजे काय, त्यांना भारी कौतुक. मी दोनदा उठून तिच्यापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तिने मान वर करून विचारलं, "काही हवंय का, सर?" दवाखान्यात भेटीची वेळ संपल्यावर रेंगाळणाऱ्या नातेवाइकाला विचारावं तसं. मी काही नको म्हणून परत फिरलो.

हॅवलॉकला उतरल्यावर कळलं, त्यांचं आणि आमचं हॉटेल एकच. एवढ्याशा बेटावर दुसरं काय होणार. वकिलांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, तिच्या खोलीतली जोडीदारीण गुडघ्यामुळे ऐनवेळी गळाली होती. एक खाट रिकामी होती. शालनवहिनींनी कुमुदला विचारलं की तुमच्या राहण्याचं काय.

"माझं बुकिंग होतं," कुमुद म्हणाली. "पण ज्यांच्यावर सोपवलं होतं त्यांनी ऐनवेळी माझं नाव काढून टाकलं."

बायकांनी त्या अज्ञात माणसाला नावं ठेवली. काय एकेक माणसं असतात, आक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणं भाग होतं. मी म्हणालो, हो, जबाबदारी म्हणून राहिलेली नाही लोकांना.

माझी खोली समुद्राकडे तोंड करून होती. आरक्षण करताना मी नवविवाहित असं लिहिलं होतं, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना होता आणि खोटं लिहायचं मला जमत नाही. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. भोवती जास्वंदीच्या पाकळ्या. टेबलावर केक, त्यावर क्रीमने माझं नाव बरोबर लिहिलेलं आणि कुमुदचं कुमकुम झालेलं. हॉटेलचा बंगाली मॅनेजर दारात उभा राहून म्याडम कुठे आहेत असं विचारू लागला. मी म्हणालो, मागून येतायत. तो म्हणाला, फोटो काढायचा असतो, मी थांबतो. त्याला घालवायला मला दहा मिनिटं लागली.

मी केकचा एक तुकडा खाल्ला, तोच दारावर टकटक झाली आणि बर्गे वकिलांचा आवाज आला. मी केक पलंगाखाली सरकवला आणि हंस कपाटात कोंबले. पाकळ्या गोळा करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांच्यावर पांघरूण ओढून मी वर बसलो. वकील आत आले, खुर्चीवर बसले, खोली छान आहे म्हणाले. मग पलंगाच्या पायाशी वाकून त्यांनी एक पाकळी उचलली.

"हे काय, सर?"

"इथं सगळ्याच खोल्यांत ठेवतात," मी म्हणालो.

"आम्हाला नाही ठेवल्या," वकील म्हणाले, आणि तक्रार करायला मॅनेजरकडे निघाले. मी त्यांना अर्ध्या वाटेत गाठून चहाला नेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, निळं पाणी, मागे उंच झाडी. पिवळ्या टोप्यांनी पाच मिनिटं गप्प राहून समुद्र पाहिला आणि मग महाबळेश्वरही काही कमी नाही यावर एकमत झालं. बायका साड्या घोट्यापर्यंत वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या, पुरुष त्यांना 'पुढं जाऊ नका' असं सांगत वाळूत उभे राहिले. कुमुद मात्र पंजाबी ड्रेस घालून आली होती. ती सरळ आत गेली, कमरेइतक्या पाण्यात पोचली आणि पोहायला लागली. लहानपणी ती कृष्णेत पोहायला शिकली होती हे तिने मला सांगितलं होतं. ती इतकी सुरेख पोहते हे मात्र मला बावीस टोप्यांच्या मधे उभं राहून कळलं.

मी आणि वकील एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलो होतो. वकील बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "सर, राग मानणार नसाल तर एक बोलू का?"

मी म्हणालो, बोला.

"काल रात्री जेवताना आमची ही म्हणाली. म्हणजे आमच्यात सगळ्यांचंच मत पडलं. तुम्ही एकटे, सिस्टर एकट्या. बाई धीराची आहे, स्वभावानं चांगली आहे. आता काळ बदललाय. तुम्ही मनावर घ्यायला काय हरकत आहे?"

गेले अडतीस दिवस ज्या लोकांच्या धाकाने मी औषधाची पिशवी घेऊन स्वतःच्या बायकोकडे जात होतो, ते लोक माझं तिच्याशी लग्न लावायला निघाले होते. त्या क्षणी शहाण्या माणसाने काय केलं असतं? वकिलांचे हात धरून खरं सांगून टाकलं असतं. मी काय केलं ते सांगतो. मी वाळूकडे बघितलं, थोडा लाजलो, आणि म्हणालो, "तुम्ही सगळे म्हणत असाल, तर मी विचार करीन."

मला वाटलं, वा! याहून चांगलं काय होणार. गावानेच जुळवायचं, गावानेच टाळ्या वाजवायच्या. वर्षभराने साधा समारंभ करू, बर्गे वकील दोन शब्द बोलतील. साताऱ्याचं लग्न कुणाला कळायचंही कारण नाही. त्या दुपारी मी इतका खुशीत होतो की हॉटेलवर येऊन उरलेला केक संपवला. मुंग्या लागलेला भाग तेवढा काढून टाकला.

कुमुदला शालनवहिनींनी विचारलं. तिने म्हणे शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की, नील बेटावर गेल्यावर रीतसर कार्यक्रम करा, मला सरांना एकच प्रश्न विचारायचा आहे. त्यानंतर काय ते सांगेन.

दोन दिवसांनी आम्ही नीलला गेलो. हॅवलॉकहून लहान बेट, भाताची खाचरं, नारळ आणि शांतता. ती शांतता पिवळ्या टोप्यांनी धक्क्यावर उतरताच संपवली. सहल कंपनीने बरोबर आचारी आणला होता. त्याला कांदेपोहे करायला सांगितलं गेलं. कोथिंबीर मिळेना, तेव्हा दोन बायका बेटावर फिरून कुणा शेतकऱ्याच्या मळ्यातून घेऊन आल्या. समुद्राच्या कडेला हॉटेलचा गवताने शाकारलेला मांडव होता. तिथे खुर्च्या समोरासमोर मांडल्या. माझ्या बाजूने वकील आणि आणखी दोघे निवृत्त गृहस्थ बसले. तिच्या बाजूने शालनवहिनी आणि आक्का. आक्का म्हणाल्या की मुलीकडचे म्हणून आम्ही जरा मान राखून घेणार. माझा इस्त्रीचा शर्ट वकिलांनी स्वतः झटकून दिला.

कुमुदने पोह्यांच्या बशा आणल्या. आधी वडीलधाऱ्यांना दिल्या, मग मला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग समोर बसली.

वकिलांनी प्रस्तावना केली. माझी नोकरी, माझी शिस्त, निष्कलंक चारित्र्य. शेवटचा शब्द ऐकताना मी पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत होतो. मग शालनवहिनी म्हणाल्या, विचारा काय विचारायचं ते, संकोच नको.

"सर," कुमुद म्हणाली, "समजा, आपण दोघं कुठंतरी निघालोय. वाटेत ओळखीचं माणूस भेटलं, आणि त्यानं माझ्याकडे बघून विचारलं की ह्या कोण. तर तुम्ही काय सांगाल?"

बायकांना प्रश्न आवडला. आक्कांनी मान डोलावली.

"लग्नानंतर ना?" मी म्हणालो. "सांगेन, माझी पत्नी."

"लग्नानंतरच," कुमुद म्हणाली. "म्हणून विचारतेय. खरंच सांगाल?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण आता ती माझ्याकडे बघत होती, आणि गेल्या चार दिवसांत तिने पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं होतं. त्या नजरेत राग असता तर मी वेळ मारून नेली असती. राग नव्हता. रिपोर्ट हातात आलेला आहे आणि आता नातेवाइकाला सांगायचं तेवढं राहिलंय, अशी ती नजर होती. मला कळलं की मी आता 'सांगेन' म्हणालो, तर ती हो म्हणेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि कराडला गेल्यावर ती आपल्या घराचं दार लावून घेईल ते कायमचं.

मी बशी मांडीवर ठेवली.

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "विचारलं होतं, आणि मी नाही सांगितलं. वहिनी, पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर तुम्ही मला विचारलंत की ह्या कोण. ही माझी बायको आहे. आमचं लग्न होऊन दीड महिना झाला. मी घाबरलो आणि खोटं बोललो."

आचारी झारा हातात घेऊन उभा राहिला.

आधी वकील सावरले. त्यांनी विचारलं, नोंदणी पद्धतीने का. मी हो म्हणालो. साक्षीदार कोण होते? मी नावं सांगितली. तारीख? तीही सांगितली. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी टोपी काढून परत घातली. शालनवहिनी उठल्या, माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या मांडीवरची पोह्यांची बशी उचलून घेऊन गेल्या. निम्मे पोहे शिल्लक होते.

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट शिकायला मिळाली. जे लग्न लावून द्यायला सगळे उत्साहाने निघाले होते, तेच लग्न आधीच झालेलं निघाल्यावर वाईट ठरलं. सकाळी काळ बदलला होता, संध्याकाळी तो परत जागेवर आला. वयाचा तरी विचार करायचा, असं एक गृहस्थ मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. मुलींच्या शाळेचा मुख्याध्यापक, असं दुसरे म्हणाले. ज्या शब्दांना मी दीड महिना घाबरत होतो ते सगळे शब्द मी त्या संध्याकाळी एकामागून एक ऐकले, आणि ते ऐकत असताना मला भूक लागली होती. पोहे खरंच चांगले झाले होते.

अंधार पडायच्या आत मी किनाऱ्यावर कुमुदला गाठलं. ती भरतीचं पाणी बघत उभी होती. मी म्हणालो, झालं, सांगितलं एकदाचं, आता खोलीवर चला.

"आजच्या प्रकारानं आक्कांचं बीपी वाढलंय," ती म्हणाली. "मी त्यांच्याजवळ थांबते."

"किती दिवस?"

"बघू या," ती म्हणाली, आणि मांडवाकडे निघून गेली.

ती परतीपर्यंत आक्कांच्या खोलीत राहिली. पोर्ट ब्लेअरला परतताना समुद्र खवळला, पिवळ्या टोप्या एकेक करून पिशव्यांत तोंड घालून बसल्या. कुमुद आडव्या पडणाऱ्यांची डोकी धरत, लिंबू हुंगायला देत बोटभर फिरली. शालनवहिनींनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. माझ्याशी मात्र त्या बोलल्या नाहीत. कुमुदही कामापुरतंच बोलली. चेन्नईपर्यंत विमानात आमच्या जागा शेजारी होत्या, तिने पूर्ण वेळ शब्दकोडं सोडवलं. एक शब्द अडला तेव्हा मला वाटलं विचारेल. तिने तो रकाना रिकामा ठेवला.

पुण्याहून एसटीने आम्ही सकाळी साडेदहाला कराडच्या स्टँडवर उतरलो. मी रिक्षा बघायला लागलो. तिला तिच्या घरी सोडायचं, असं मी मनाशी धरलं होतं, आणि पुढचं काही धरवत नव्हतं.

"चालत जाऊ," कुमुद म्हणाली, आणि बाजारपेठेच्या रस्त्याला लागली.

"तुमचं घर इकडे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

बाजारपेठेतून माझ्या घरी जायचा रस्ता लांबचा आणि भर गर्दीचा. मी तिच्यामागे दोन पावलं चाललो. मग शेजारी आलो. पहिल्यांदा औषधाच्या दुकानाचे मालक भेटले. काय सर, दिसला नाहीत, म्हणाले, आणि तिच्याकडे बघितलं. कुमुद थांबली. तिने काहीच केलं नाही, नुसती थांबली. मी सांगितलं, ही माझी बायको. त्यांनी हातातला खोका खाली ठेवला आणि अभिनंदन केलं. पुढे शाळेतले जुने चित्रकलेचे शिक्षक भेटले, ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. कापडाच्या दुकानातल्या मावशी म्हणाल्या, बाई, या वयात. कुमुद म्हणाली, त्या वयातही एकदा झालं होतं. प्रत्येक वेळी ती थांबायची आणि मी सांगायचो. आधी मी पुटपुटत होतो. पाच-सहा जणांनंतर मोठ्याने सांगायला लागलो. मला वाटतं, मी एकूण चौदा जणांना सांगितलं.

घराच्या कोपऱ्यावर एक पेरूवाला हातगाडी लावून उभा होता. मी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याने काही विचारलंही नाही. कुमुद पुढे चालत राहिली. मी मात्र गाडीपाशी थांबलो आणि तिच्याकडे हात करून त्याला म्हणालो, "ती माझी बायको आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "त्यांना कच्चे आवडतात का पिकलेले?"

मला ते माहीत नव्हतं. मी तिला हाक मारून विचारलं, आणि कुमुद मागे वळून हसली.